अवकाश दुर्बिणी : ऐकलेले आणि मोजलेले

हिवाळ्यात आकाशदर्शनाला आलेल्या मंडळींना मृग नक्षत्रातला तेजोमेघ दाखवायचा असला की मी आधीच सांगून ठेवतो, करड्या धुरासारखा दिसेल. तरीही आठ इंची दुर्बिणीला डोळा लावल्यावर बहुतेकांचा चेहरा उतरतो. मोबाइलवर गुलाबी-जांभळा दिसणारा तेजोमेघ तो हाच का, असे ते विचारतात. मग कोणीतरी पुढचा प्रश्न टाकतो, "म्हणजे ते हबलचे फोटो खोटेच म्हणायचे ना?"

प्रश्न प्रामाणिक असतो. शंका घेणाऱ्याला टाळू नये, म्हणून मी त्याच्याबरोबर बराच वेळ बोलतो. त्या बोलण्यातून आणखी समजुती बाहेर पडतात. त्यातल्या काही निरुपद्रवी आहेत. काही मात्र अशा आहेत की त्यांच्यामुळे या संशोधनातली खरी मेहनत कुठे असते, हेच लोकांपर्यंत पोहोचत नाही. त्याची मला मनापासून खंत वाटते.

"ते रंग कॉम्प्युटरवर भरलेले असतात"

अवकाश दुर्बिणीच्या कॅमेऱ्यावर पडणारा प्रकाश फक्त मोजला जातो. एका वेळी एक फिल्टर लावायचा, त्यातून ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत येऊ द्यायचा आणि संवेदकाच्या प्रत्येक चौकोनावर तो किती पडला हे नोंदवायचे. खाली येते ते आकड्यांचे कोष्टक. ते पडद्यावर मांडले तर कृष्णधवल चित्र दिसते. वेगवेगळ्या फिल्टरांतून घेतलेली अशी चित्रे एकावर एक ठेवली आणि प्रत्येकाला एकेक रंग दिला की रंगीत चित्र तयार होते.

गरुड तेजोमेघातल्या वायूच्या खांबांचे हबलने 1995 मध्ये टिपलेले चित्र बहुतेकांनी पाहिले असेल. त्यात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिला आहे. डोळ्यांना हायड्रोजन आणि गंधक या दोघांचाही प्रकाश लालच दिसतो. 'खरे' रंग ठेवले असते तर दोन्ही वायू एकाच लालीत मिसळून गेले असते आणि कोणता कुठे आहे ते कळलेच नसते. रंग वेगळे केल्यामुळे चित्र वाचता येते. जेम्स वेब दुर्बीण तर 0.6 ते 28.5 मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश पाहते, आणि त्यातला बहुतेक अवरक्त म्हणजे आपल्या डोळ्यांच्या पलीकडचा. तिथे सर्वांत लांब लहरींना लाल आणि सर्वांत आखूड लहरींना निळा रंग देतात. क्रम निसर्गातलाच राहतो, फक्त तो आपल्या नजरेच्या टप्प्यात आणला जातो. गवयाने काळी चार सोडून खालच्या पट्टीत गायले तरी यमन यमनच राहतो, कारण स्वरांमधली अंतरे बदलत नाहीत. या चित्रांचेही तसेच आहे.

मृगातला तेजोमेघ डोळ्यांना करडा दिसतो तो दुर्बिणीच्या दोषामुळे नाही. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास काम करेनाशा होतात. डोळा प्रकाश साठवू शकत नाही. कॅमेरा मात्र तासन् तास साठवतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. भिंतीवर लावण्याजोगी चित्रे हा या कामाचा लहानसा भाग आहे. संशोधक काम करतात ते मूळ आकड्यांवर, आणि पुष्कळदा वर्णपटावर, म्हणजे खाली-वर जाणाऱ्या एका वेड्यावाकड्या रेषेवर. युरोपच्या गाया या वेधशाळेने 2013 च्या डिसेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत अवकाशात राहून जवळजवळ 2 अब्ज ताऱ्यांची स्थाने मोजली. तिचे एकही चित्र घराघरात पोहोचले नाही, पण आकाशगंगेचा नकाशा आज आपण काढतो तो तिच्या मोजमापांवर.

"वर गेल्याने तारे जवळून दिसतात"

हा गैरसमज सुशिक्षितांमध्येही सर्रास आढळतो. हबल पृथ्वीपासून जेमतेम पाच-साडेपाचशे किलोमीटरवर फिरते. पुण्याहून नागपूर रस्त्याने याहून लांब आहे. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा 4.24 प्रकाशवर्षांवर, म्हणजे सुमारे 40 लाख कोटी किलोमीटरवर. हे सारे अंतर पुणे ते नागपूर एवढे धरले, तर हबल पुण्याहून नागपूरच्या दिशेने केसाच्या जाडीइतकीही सरकलेली नाही. 15 लाख किलोमीटर दूर असलेली वेब याच मापाने जेमतेम इंचभर पुढे गेली आहे.

वर जायचे ते हवेतून बाहेर पडण्यासाठी. वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेले नाणे हलताना दिसते, तसा ताऱ्याचा प्रकाश हवेच्या थरांतून येताना थरथरतो. आपण त्याला लुकलुकणे म्हणतो, पण वेध घेणाऱ्याला ते धुके असते. त्याहून मोठी अडचण अशी की हवा कित्येक प्रकारचा प्रकाश खाली येऊच देत नाही. अतिनील प्रकाशाचा मोठा भाग ओझोन शोषून घेतो, अवरक्ताचा बराचसा भाग पाण्याची वाफ अडवते, आणि क्ष-किरण तर जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. लायमन स्पिट्झर यांनी अवकाशात वेधशाळा हवी हे 1946 मध्येच लिहून ठेवले होते. पहिला कृत्रिम उपग्रह उडायला तेव्हा अजून 11 वर्षे होती.

मग वेब एवढी दूर का नेली? तर पृथ्वीची आणि स्वतःची ऊब टाळण्यासाठी. अवरक्त प्रकाश म्हणजे एका अर्थाने उष्णताच. दुर्बीण गरम असेल तर तिला स्वतःचाच उजेड दिसत राहील. म्हणून टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी छत्री उघडून ती सूर्य, पृथ्वी आणि चंद्र या तिघांकडे कायम पाठ करून असते. छत्रीच्या सावलीतला भाग उणे 220 अंश सेल्सिअसच्याही खाली असतो.

"नवी मोठी दुर्बीण आली की जुन्या निकामी"

वेब गेल्यापासून 'हबलचे दिवस संपले' असे वारंवार ऐकू येते. वेबचा आरसा 6.5 मीटरचा, हबलचा 2.4 मीटरचा, म्हणून लोक सरळ हिशेब मांडतात. पण वेब अतिनील प्रकाश पाहूच शकत नाही. हबल पाहते. चंद्रा ही क्ष-किरण वेधशाळा 1999 पासून तिसरेच काहीतरी पाहते आहे. (तिचे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून ठेवले आहे, चांद्रयानाशी तिचा संबंध नाही. हेही दर कार्यक्रमात एकदा सांगावे लागते.) आणि रेडिओ लहरींचा मोठा पट्टा हवेतून आरपार येतो, म्हणून नारायणगावजवळ खोडदला पसरलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांना अवकाशात जायची गरज नाही. तेवढे वर नेणे कोणाला परवडणारेही नाही.

आकारापेक्षा नेमकेपणा कसा भारी ठरतो, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण आपल्याच देशातले आहे. ॲस्ट्रोसॅट ही भारताची वेधशाळा 28 सप्टेंबर 2015 रोजी पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून उडाली. तिच्यावरची क्ष-किरणांची काही उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली, काहींमध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा हात होता. तिच्यावर अतिनील प्रकाश पाहणाऱ्या जुळ्या दुर्बिणी आहेत, त्यांचे आरसे अवघे 38 सेंटीमीटरचे. ऑक्टोबर 2016 मध्ये या दुर्बिणी आकाशाच्या एका अशा तुकड्याकडे 28 तासांहून जास्त वेळ रोखून ठेवल्या, जो हबलने त्याआधी कसून पाहिला होता. आयुकातल्या कनक साहा यांच्या नेतृत्वाखालच्या गटाला त्यात 9.3 अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेतून निसटणारा अतितीव्र अतिनील प्रकाश सापडला. हबलला तो दिसला नव्हता.

हे कसे घडले? हबलचा आरसा जास्त प्रकाश गोळा करतो, यात शंका नाही. पण संवेदकाची स्वतःचीही खरखर असते. खूप मंद सूर ऐकायचा असेल तर कर्ण्याच्या आकाराइतकीच खोलीतली शांतता महत्त्वाची. ॲस्ट्रोसॅटचा अतिनील संवेदक प्रकाशाचा एकेक कण मोजतो आणि त्याची खरखर हबलच्या मानाने फारच कमी आहे.

वेध 28 तासांचे होते. त्यांच्या पृथक्करणाला जवळपास दोन वर्षे लागली, कारण दिसलेला ठिपका त्या दीर्घिकेचाच आहे, शेजारच्या एखाद्या जवळच्या दीर्घिकेचा नाही, उपकरणाचा भास नाही, हे एकेक करून तपासायचे होते. ऑगस्ट 2020 मध्ये तो शोध 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी'त छापून आला. बातमीत दोन ओळी आल्या. मला त्या दोन वर्षांबद्दल वाचायला आवडले असते.

"हे सगळे नासाचे, आपल्याला काय मिळणार?"

शास्त्रज्ञ रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसतात, हे चित्र आता जुने झाले. अवकाश दुर्बिणीला तर डोळा लावायची जागाच नसते. संशोधक लेखी प्रस्ताव पाठवतो : कोणती वस्तू, किती तास, कोणता फिल्टर आणि त्यातून कोणता प्रश्न सुटेल. कोणत्याही देशातून तो पाठवता येतो. वेबच्या निरीक्षणांच्या चौथ्या फेरीत 2,377 प्रस्ताव आले होते. उपलब्ध एका तासासाठी सुमारे नऊ तासांची मागणी होती. हबलसाठी 2018 पासून प्रस्ताव निनावी तपासले जातात. म्हणजे नाव, संस्था आणि देश न पाहता फक्त प्रश्नाचे वजन पाहायचे. ही पद्धत आल्यावर पहिल्याच फेरीत स्त्रियांच्या प्रस्तावांना मंजुरी मिळण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा थोडे वर गेले. तोपर्यंत ते वर्षानुवर्षे खालीच होते.

ज्याला वेळ मिळाला त्याच्याकडे ती निरीक्षणे ठरावीक मुदतीपुरतीच राखीव असतात. वेबच्या बाबतीत ती मुदत जास्तीत जास्त वर्षभराची, आणि कित्येक मोठ्या प्रकल्पांची निरीक्षणे तर पहिल्या दिवसापासून सर्वांना खुली. नंतर ती सार्वजनिक संग्रहात जातात. तिथून कोणीही ती उतरवून घेऊ शकतो. जळगावच्या महाविद्यालयातला विद्यार्थीसुद्धा.

यात किती अर्थ भरला आहे, ते 2025 मध्ये पुण्याने दाखवून दिले. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे जीएमआरटी चालवणारी संस्था, पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. तिथल्या संशोधक विद्यार्थिनी राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांनी वेबच्या खुल्या निरीक्षणांत एक सर्पिल दीर्घिका शोधली. तिच्याकडून आपल्यापर्यंत आलेला प्रकाश सुमारे 12 अब्ज वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा विश्वाचे वय फक्त दीड अब्ज वर्षे होते. त्या काळातल्या दीर्घिका ओबडधोबड, गुठळ्यांसारख्या असाव्यात अशी अपेक्षा होती. ही मात्र दोन नेटक्या, सममित बाहूंची निघाली. व्यास सुमारे 30 हजार प्रकाशवर्षे, आणि वर्षाला साठेक सूर्यांइतक्या वस्तुमानाचे नवे तारे. एबेल 2744 या दीर्घिकांच्या गुच्छाचे गुरुत्वाकर्षण वाटेत भिंगासारखे काम करते, त्यामुळे ती जवळपास दुप्पट तेजस्वी दिसली. वीसएक फिल्टरांतून घेतलेली चित्रे हाताशी असल्याने तिचे अंतर, धूळ आणि ताऱ्यांचे वय यांचा अंदाज बांधता आला.

तिचे नाव त्यांनी अलकनंदा ठेवले. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयात मंदाकिनी अलकनंदेला मिळते. आपल्या आकाशगंगेसारखीच रचना असलेल्या दूरच्या बहिणीला याहून चांगले नाव मला सुचत नाही.

ज्या निरीक्षणांत ती सापडली ती घेतली दुसऱ्यांनी, दुसऱ्याच प्रश्नांसाठी. त्यावरून आधी अनेकांची नजर फिरली होती.

"बिघाड झाला तर अंतराळवीर जाऊन दुरुस्त करतील"

हबलपुरते ते शक्य होते, आणि पाच वेळा तसे झालेही, शेवटचे 2009 मध्ये. वेबकडे कोणी जाऊ शकत नाही. उड्डाणानंतर ती उलगडत असताना अशा 344 जागा होत्या की त्यातली एक जरी अडली असती तरी मोहीम धोक्यात आली असती.

हबलच्या दुरुस्तीची गोष्ट लोकांना ठाऊक असते, पण चूक कशी झाली ते ठाऊक नसते. 1990 मध्ये ती वर गेली आणि चित्रे पुसट आली. आरसा कडेला केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका जास्त घासला गेला होता. तो ज्या उपकरणाने तपासत होते त्यातलेच एक भिंग 1.3 मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. म्हणजे घासणारे अचूक होते, मापच चुकले होते. त्याहून वाईट म्हणजे इतर दोन चाचण्यांनी दोष दाखवला होता. त्या कमी अचूक आहेत असे समजून बाजूला ठेवल्या गेल्या. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी सुधारक भिंगांसारखी योजना बसवली आणि दुर्बिणीला नजर आली. त्या दोन चाचण्यांचे आकडे कोणीतरी गांभीर्याने घेतले असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

"वेबने महास्फोटाचा सिद्धान्त खोटा ठरवला"

जुलै 2022 मध्ये वेबची पहिली चित्रे आली आणि काही आठवड्यांतच ही बातमी जगभर फिरली. अजूनही फिरते. तिच्यामागे सत्याचा एक कण आहे, म्हणून ती टिकून आहे.

कण असा : महास्फोटानंतरच्या सुरुवातीच्या काळात जितक्या आणि जितक्या तेजस्वी दीर्घिका असतील असे गणित सांगत होते, त्याहून जास्त दिसल्या. त्यातली एक तर विश्व जेमतेम 29 कोटी वर्षांचे असतानाची आहे. इतक्या लवकर एवढे तारे कसे तयार झाले, हा खरोखरचा प्रश्न आहे. पण तो दीर्घिका किती वेगाने वाढतात याबद्दलचा प्रश्न आहे. रोप अपेक्षेपेक्षा लवकर वाढले तर बी, माती आणि पाणी यांचा हिशेब पुन्हा करावा लागतो. पेरणी झालीच नव्हती, असे त्यावरून ठरत नाही. महास्फोटाचा आधार दुसरीकडे आहे. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, विश्वात हेलियमचे प्रमाण त्या सिद्धान्तातून निघते तेवढेच आहे, आणि सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण 1960 च्या दशकात सापडले, ते पुढे अवकाशातून अतिशय बारकाईने मोजले गेले. यातले काहीही वेबने हलवलेले नाही. उलट सुरुवातीला अवाढव्य वाटलेल्या काही दीर्घिकांचा उजेड नुसत्या ताऱ्यांचा नसून त्यांच्या पोटातल्या कृष्णविवराभोवतीच्या तापलेल्या वायूचाही आहे, असे नंतर लक्षात आले आणि त्यांचे वजन कमी धरावे लागले.

इथे मराठी वाचकाला हमखास जयंत नारळीकर आठवतात, आणि आठवावेतच. 'आपले नारळीकर तर आधीपासून हेच सांगत होते,' असे मला अनेकांनी सांगितले आहे. ते महास्फोटाच्या सिद्धान्ताशी सहमत नव्हते हे खरे. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी पर्यायी विश्वरचना मांडली, आणि 1993 मध्ये हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह तिचे सुधारलेले रूपही मांडले. मे 2025 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले तोपर्यंत त्यांनी तो प्रश्न सोडला नव्हता. पण त्यांचा विरोध समीकरणांतून आणि निरीक्षणांशी ताडून पाहता येईल अशा भाकितांतून होता. सूक्ष्मलहरींच्या प्रारणाला पर्यायी स्पष्टीकरण द्यायलाच हवे हे ते मान्य करत आणि ते देण्याचा प्रयत्न करत. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ते स्पष्टीकरण पटले नाही. व्हॉट्सॲपवरच्या बातमीला त्यांचे नाव जोडणे म्हणजे त्यांनी जन्मभर पाळलेल्या शिस्तीचा अपमान आहे. मला त्याचा राग येतो.

"दूरच्या ग्रहावर जीवसृष्टी सापडली"

एप्रिल 2025 मध्ये के2-18बी या ग्रहाबद्दल अशी बातमी आली. ग्रह 124 प्रकाशवर्षे दूर, पृथ्वीच्या सुमारे अडीचपट रुंद. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने वेबच्या निरीक्षणांत डायमिथिल सल्फाइडच्या, किंवा त्याच्याच जवळच्या दुसऱ्या एका रेणूच्या, खुणा असाव्यात असे मांडले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले प्लवक तयार करतात. किनाऱ्यावर गेल्यावर जो खास वास येतो, त्यातला एक घटक हाच.

ग्रहाचे चित्र कोणी पाहिलेले नाही. तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश हजारात तीनेक भागांनी मंदावतो. ग्रहाभोवतीच्या वातावरणातून गाळून आलेला प्रकाश त्याहूनही कितीतरी थोडा. त्याचा वर्णपट काढायचा आणि रेषेतल्या खळग्यांवरून कोणता रेणू आहे ते ओळखायचे. खळगे उथळ, आकडे डगमगते. त्या दाव्याच्या खात्रीची पातळी अशी होती की असा संकेत निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. विज्ञानाबाहेर हे ऐकून कोणीही पैज लावेल. शोध जाहीर करायला मात्र लाखोंत एखादी एवढी कमी शक्यता लागते, आणि हे त्या गटानेही लपवले नव्हते. नंतर दुसऱ्या गटांनी तेच आकडे वेगळ्या पद्धतींनी तपासले, तेव्हा त्या रेणूचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. शिवाय हाच रेणू एका धूमकेतूतही आढळला आहे, जिथे जीवसृष्टीचा प्रश्नच नाही.

याच ग्रहाची आधीची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. 2019 मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून तिथे पाण्याची वाफ असल्याचे जाहीर झाले होते. वेबने 2023 मध्ये जास्त रुंद पट्ट्यात पाहिले, तर तो खळगा मिथेनचा असल्याचे दिसले. हबलच्या पट्ट्यात दोघांच्या खुणा जवळपास एकाच जागी येतात. 2019 ची बातमी छापणाऱ्यांपैकी किती जणांनी 2023 ची छापली?

ग्रह 33 दिवसांत ताऱ्याभोवती एक फेरी मारतो, पण वेबला तो बघायची संधी वर्षातून मोजक्याच वेळा मिळते. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर घाईने येणार नाही.

तो तारा सिंह राशीत आहे. वैशाखात रात्री सिंह डोक्यावर आला की मी उत्तरा फाल्गुनीचा तारा दाखवतो आणि तिथून थोडे खाली, दक्षिणेकडे बोट नेतो. तारा इतका मंद आहे की नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. लोक तरीही बराच वेळ तिकडे बघत उभे राहतात.